सेकंडहँड ऑसिलोस्कोप घ्यायचाय? आधी काय बघायचंय ते ठरवा

सेकंडहँड ऑसिलोस्कोप बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: “किती मेगाहर्ट्झचा?” विकणाराही तोच आकडा आधी सांगतो, कारण तो पुढच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात छापलेला असतो. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर तिसरा-चौथा लागतो. आधी स्वतःला विचारायचं, की मला यात बघायचंय काय? ॲम्प्लिफायरची घरघर, चार्जरचा एसएमपीएस (वेगाने चालू-बंद होणारा पॉवर सप्लाय), आर्डुइनोला (छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला) जोडलेला सेन्सर, की एफएम ट्रान्समीटर? याचं उत्तर नक्की झालं, की बाजारातले निम्मे स्कोप आपोआप बाद होतात आणि खिसाही वाचतो.

मल्टीमीटर एक आकडा दाखवतो. तो आकडा म्हणजे बऱ्याच वेळाची सरासरी असते. ऑसिलोस्कोप आलेख काढतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर व्होल्टेज. एका सेकंदाच्या लाखाव्या भागात वायरवर काय घडलं, ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं हे यंत्र. बाकी सगळी बटणं या दोन अक्षांची पट्टी लहान-मोठी करायला आणि चित्र नेमकं कुठून सुरू करायचं ते सांगायला. हे शेवटचं काम ट्रिगरचं. ट्रिगर नीट लागला नाही, तर दोन लाखांचा स्कोपही नुसता गोंधळ दाखवतो.

आता सोलापुरातलंच एक काम घेऊ. यंत्रमागावरचा पिक काउंटर. साध्या शटलच्या मागावर क्रँक शाफ्टचा एक फेरा म्हणजे एक पिक, आडव्या धाग्याची एक फेक. शाफ्टवर लोहचुंबक चिकटवला, समोर चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर बसवला, तिथून चार-पाच मीटर वायर आर्डुइनोपर्यंत ओढली, झाला काउंटर. माग मिनिटाला १२० पिक मारत असेल, तर दर अर्ध्या सेकंदाला एक पल्स यायला हवी. घरी टेबलावर सगळं सुतासारखं सरळ चालतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एखाद्या शेडमध्ये नेऊन लावलं, की काउंटर मधूनच दोन-चार पिक जास्त दाखवायला लागतो. मजुरीचा हिशोब त्या आकड्यावर असेल, तर कारखानदार आणि विणकर दोघंही तुमच्याकडेच बघणार.

मल्टीमीटर लावून इथे काहीच हाती लागत नाही. होतं असं, की शेजारच्या मागाची मोटर बंद करताना कॉन्टॅक्टरमध्ये ठिणगी उडते आणि तिचा काही मायक्रोसेकंदांचा टोकदार काटा सेन्सरच्या लांब वायरवर उमटतो. आर्डुइनो उनोचा आतला पुल-अप (पिनला ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे अगदीच लेचापेचा. त्याच्या जोरावर वायर ५ व्होल्टला धरून राहत नाही, काटा खाली शून्यापर्यंत जातो आणि पल्स मोजणाऱ्या इंटरप्टला वाटतं आणखी एक पिक पडला. इलाज सोपा आहे. बाहेरून दोन-अडीच किलोओहमचा पुल-अप, पिनजवळ एक छोटा कपॅसिटर, शिल्डची वायर, फारच झालं तर मध्ये श्मिट ट्रिगरचा ७४एचसी१४ (सिग्नलच्या कडा साफ करणारी चिप). पण काटा आहे हे दिसल्याशिवाय यातलं काय करायचं ते कळणार कसं? नाहीतर पोरं आठवडाभर प्रोग्रॅममध्येच चूक शोधत बसतात.

हा काटा कुठल्या स्कोपवर दिसेल, याचं उत्तर शोधताना सगळी निवड उलगडत जाते.

जुन्या कॉलेज लॅबमधला पिक्चर ट्यूबवाला स्कोप, ज्याला आपण सगळे सीआरओ म्हणतो, तो इथे हात टेकतो. त्याच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनचा ठिपका धावतो आणि मागे राहिलेली चमक क्षणात विझते. सेकंदाला हजारो वेळा तेच तेच घडत असेल, तर चित्र स्थिर आणि सुरेख दिसतं. पण कधीतरी एकदाच येणारा पाच मायक्रोसेकंदांचा काटा त्यावर आला आणि गेला, कोणाला पत्ताही लागणार नाही. डीएसओ, म्हणजे डिजिटल स्कोप, आलेले आकडे मेमरीत साठवतो. सिंगल बटण दाबायचं, ट्रिगर लावायचा, चहा प्यायला जायचं. काटा आला की तो पडद्यावर गोठून बसलेला असतो.

मायक्रोकंट्रोलर, सेन्सर, रिले, मोटर हा तुमचा प्रांत असेल, तर जुन्या सीआरओच्या नादी लागू नका, असंच मी म्हणेन. ऑडिओ ॲम्प्लिफायर, साधे ऑसिलेटर, टीव्ही-रेडिओ दुरुस्ती, किंवा मुळात इलेक्ट्रॉनिक्स शिकणं, यासाठी मात्र सीआरओ अजूनही झकास आहे. नॉब फिरवला की त्याच क्षणी चित्र बदलतं, मेनूत शिरावं लागत नाही आणि तो खोटं चित्र रचत नाही. आपल्याकडच्या कॉलेजांत हमेगच्या एचएम२०३ घराण्यातले २० मेगाहर्ट्झचे स्कोप खूप दिसतात. त्यावर कंपोनंट टेस्टर असतो. दोन वायर डायोडला लावल्या, की त्याची वाकडी रेषा पडद्यावर येते. रिपेअरवाल्याला बोर्डवरचा मेलेला ट्रान्झिस्टर हुडकायला एवढं पुष्कळ झालं.

आता मेगाहर्ट्झ. स्कोपवर २० मेगाहर्ट्झ लिहिलंय म्हणजे २० मेगाहर्ट्झची साइन वेव्ह तो जवळजवळ ३० टक्के बुटकी दाखवणार. बँडविड्थची व्याख्याच तशी आहे, खऱ्या उंचीच्या ७०.७ टक्के जिथे उरते ती फ्रिक्वेन्सी. साइन वेव्हचं एवढ्यावर भागतं. स्क्वेअर वेव्ह मात्र मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा अनेक साइन वेव्ह मिळून बनलेली असते. वरच्या लहरी स्कोपने गिळल्या, की कोपरे गोल होतात. आर्डुइनोचा १६ मेगाहर्ट्झचा क्लॉक २० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर साइन वेव्हसारखाच दिसणार. त्याचे कोपरे बघायचे, तर पाचपट म्हणजे ८० मेगाहर्ट्झ हवेत.

पण तो क्लॉक तुम्ही किती वेळा बघणार आहात? खरं तर क्लॉकच्या क्रिस्टलच्या पिनला प्रोब (स्कोपची तपासायची वायर) लावला, की प्रोबच्या दहा-पंधरा पिकोफॅरडच्या ओझ्याने ऑसिलेटर कधी कधी बंदच पडतो. रोजच्या कामाच्या फ्रिक्वेन्सी पुष्कळ खाली असतात. ऑडिओ २० किलोहर्ट्झपर्यंत. एसएमपीएस साधारण ५० ते १५० किलोहर्ट्झ. सेन्सर आणि चिप एकमेकांशी बोलतात ती आयटूसी बस १०० किंवा ४०० किलोहर्ट्झ. ११५२०० बॉडच्या (सेकंदाला तेवढे बिट) सिरियल पोर्टचा एक बिट पावणेनऊ मायक्रोसेकंदांचा. या सगळ्याला ५० मेगाहर्ट्झ चैनीत पुरतं. एफएम पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. तिथे काम करायचं तर २०० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वरचा स्कोप लागतो आणि त्याचा बाजारही वेगळा, बजेटही वेगळं.

एक सूत्र पाठ करून ठेवा: ०.३५ भागिले बँडविड्थ म्हणजे स्कोपचा स्वतःचा राइज टाइम, खालून वर चढायला लागणारा वेळ. २० मेगाहर्ट्झचा साडेसतरा नॅनोसेकंद, १०० मेगाहर्ट्झचा साडेतीन. सिग्नल यापेक्षा चपळ असेल, तर पडद्यावर दिसणारा चढ सिग्नलचा नसतो, स्कोपचा असतो.

डिजिटल स्कोपमध्ये आणखी दोन आकडे आडवे येतात आणि विकणारा त्यातला एकच सांगतो. सांगतो तो सॅम्पल रेट: सेकंदाला किती वेळा व्होल्टेज वाचलं. १ गिगासॅम्पल म्हणजे दर नॅनोसेकंदाला एकदा. बहुतेक स्वस्त स्कोपमध्ये हा आकडा चॅनेलांमध्ये वाटला जातो. रिगोलच्या डीएस१०५४झेडमध्ये एक चॅनेल चालू असताना १ गिगासॅम्पल मिळतात, चारही चालू केली की प्रत्येकाला २५० मेगासॅम्पल.

सांगत नाही तो मेमरीचा आकडा. आपला पिक काउंटर पुन्हा घ्या. दोन पिकांमधला अर्धा सेकंद अख्खा पडद्यावर हवाय, म्हणून ५० मिलिसेकंद प्रति खण (पडद्यावरचा एक चौकोन) ठेवलं. टेक्ट्रॉनिक्सचा टीडीएस २१० हा नव्वदच्या दशकातला मजबूत आणि नावाजलेला स्कोप, ६० मेगाहर्ट्झ, १ गिगासॅम्पल. पण त्याची मेमरी एका चॅनेलला २५०० पॉइंटची. अर्धा सेकंद २५०० पॉइंटमध्ये बसवायचा, तर दोन पॉइंटमधलं अंतर २०० मायक्रोसेकंद झालं. पाच मायक्रोसेकंदांचा काटा त्या फटीतून सहज निसटतो. पट्टीवर छापलेले १ गिगासॅम्पल तेव्हा फक्त पट्टीवरच असतात. डीएस१०५४झेडची मेमरी १.२ कोटी पॉइंटची. त्याच्या पडद्यावर १२ खण, म्हणजे ०.६ सेकंद, तरी दर ५० नॅनोसेकंदाला एक पॉइंट पडतो. काटा तर सापडतोच, वर झूम करून त्याचा आकारही बघता येतो. टीडीएस २१०मध्ये पीक डिटेक्ट नावाचा मोड आहे, त्यात निदान काटा होता एवढं तरी कळतं. जुना डिजिटल स्कोप घेताना हा मोड आहे का, ते आवर्जून बघा.

पॉइंट विरळ पडले की दुसरा घोटाळा होतो, अलियासिंगचा. सूतगिरणीत फिरत्या चातीवर स्ट्रोबोस्कोपचा लुकलुकता दिवा धरला, की चाती थांबल्यासारखी किंवा सावकाश उलटी फिरल्यासारखी दिसते, तसंच हे. पडद्यावर शांत, संथ साइन वेव्ह दिसते आणि प्रत्यक्षात वायरवर तिच्या हजारपट वेगाचं काही धावत असतं. शंका आली की टाइम बेस (आडव्या अक्षाची पट्टी) पाच-सहा खटक्यांनी जलद करून बघायचा. खरी वेव्ह आडवी ताणली जाते, खोटी भलतंच रूप घेते.

मग घ्यायचा कुठला? हौशी माणसाने डीएस१०५४झेड किंवा त्याच्या बरोबरीचा, चार चॅनेलचा, मोठ्या मेमरीचा, दोन-चार वर्षं वापरलेला डिजिटल स्कोप मिळाला, तर फार विचार करू नये. त्याच्या आधीचा डीएस१०५२ई दोन चॅनेलचा, पण किंमत पडलेली असेल तर चालेल. २० मेगाहर्ट्झचा सीआरओ नव्या साध्या डिजिटल स्कोपच्या चौथाई किमतीत मिळत असेल तरच घ्यावा, त्यावर एक रुपया नाही. टेक्ट्रॉनिक्सचे ४६५ किंवा २४६५ यांची कीर्ती मोठी आहे आणि ती खरीही आहे. पण २४६५मधल्या काही चिप कंपनीने स्वतःसाठी बनवलेल्या, त्या गेल्या की दुसऱ्या मेलेल्या स्कोपमधूनच काढाव्या लागतात. ज्याला स्कोप दुरुस्त करण्यातच आनंद आहे, त्याने ते जरूर घ्यावेत. ज्याला स्कोपने दुसरं काही दुरुस्त करायचंय, त्याने लांबूनच नमस्कार करावा. आणि तळहाताएवढा डीएसओ१३८ किट? त्याची बँडविड्थ २०० किलोहर्ट्झ. सोल्डरिंगचा सराव म्हणून छान.

आपलं सोलापूर तसं सोयीचं आहे. एका बाजूला पुणे, दुसऱ्या बाजूला हैदराबाद, दोन्हीकडे रेल्वे. पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली, हैदराबादला कोटी, पुण्याच्याही पुढे गेलात तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड. शहरातल्या शहरात बघायचं, तर इंजिनिअरिंग कॉलेज, पॉलिटेक्निक आणि आयटीआय यांच्या डेड स्टॉकवर लक्ष ठेवा. निर्लेखन होऊन लिलाव निघतो तेव्हा स्कोप बहुतेक वेळा पंखे-खुर्च्यांच्या लॉटमध्येच जातात आणि भंगारवाला ते वजनावर उचलतो. त्या भंगारवाल्याशी ओळख असणं ही मोठी गोष्ट आहे. जुने टीव्ही मेकॅनिकही विचारून बघा. कित्येकांच्या दुकानात माळ्यावर एखादा सीआरओ पडून असतो. सीआरओ सात-दहा किलोंचा आणि आत काचेची ट्यूब, त्यामुळे तो पार्सलने मागवू नका. स्वतः जा आणि सोबत घेऊन या.

जाताना सोबत न्यायचं सामान फार नाही: मल्टीमीटर, नवीन ९ व्होल्टची बॅटरी, एक चांगला प्रोब, आणि आर्डुइनो उनो, ज्याच्या प्रोग्रॅममध्ये ९ नंबरच्या पिनसाठी ॲनालॉगराइट १२७ लिहून ठेवलंय. त्या पिनवर सुमारे ४९० हर्ट्झची स्क्वेअर वेव्ह येते, म्हणजे एक फेरा साधारण २.०४ मिलिसेकंदांचा. हा वेळ आर्डुइनोच्या क्लॉकवरून येतो, त्यामुळे टाइम बेस तपासायला पुरेसा विश्वासू.

चालू करण्याआधी स्कोप उलटा करून मागे बघा. अमेरिकेतून भंगारात आलेल्या काही स्कोपला ११५ आणि २३० व्होल्टचा निवडक स्विच असतो. तो ११५वर असताना आपल्या सॉकेटला लावला, की व्यवहार तिथेच संपला. जाळीतून आत डोकावा. मागाच्या शेडमधून आलेला असेल, तर आत सुताच्या बारीक तंतूंची गादी साचलेली असते, ती उष्णता अडवते. नाकही वापरा. जळका किंवा माशासारखा वास आला, तर आतले कपॅसिटर गळतायत.

स्कोप थंड असतानाच चालू करायला सांगा. “आधीच चालू करून ठेवलाय साहेब” असं ऐकलं, तर बंद करून थोडा वेळ गप्पा मारा. थंड असताना अडखळणारा स्कोप गरम झाल्यावर साळसूद वागतो. सीआरओची रेषा बारीक आणि सरळ हवी. फोकस फिरवून ती तीक्ष्ण होत नसेल, ब्राइटनेस पूर्ण चढवूनच दिसत असेल, किंवा पडद्यावर आडवा तपकिरी डाग असेल, तर ट्यूब थकलीय आणि ट्यूब बदलून मिळत नाही. डिजिटलमध्ये बॅकलाइट, प्रत्येक बटण आणि फिरणारे नॉब बघा. नॉब एक खटका फिरवला की सेटिंग एकच पाऊल हललं पाहिजे. दोन पुढे-एक मागे होत असेल तर नॉबमागचा एन्कोडर झिजलाय. दुरुस्त होतो, पण किंमत खाली आणायला हे कारण उत्तम.

मग प्रोब लावून बॅटरी मोजा, मल्टीमीटरशी ताडा. तीन टक्क्यांचा फरक नव्या स्कोपच्या कागदावरही मान्य असतो, त्याहून फार जास्त नको. हे दोन्ही चॅनेलांवर आणि व्होल्ट प्रति खणाच्या प्रत्येक पायरीवर करा, नुसतं एकदा नाही. कंटाळवाणं काम आहे, पण ॲटेन्युएटरची (व्होल्ट प्रति खण बदलणाऱ्या भागाची) एखादीच पायरी मेलेली असते आणि ती नेमकी विकणाऱ्याने लावून ठेवलेली नसते. सीआरओचा स्विच फिरवताना रेषा उड्या मारत असेल, तर कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेक वेळा भागतं. पायरीच गायब असेल तर सोडून द्या. नंतर आर्डुइनो लावा, टाइम बेस बघा, ट्रिगरची लेव्हल वर-खाली करून चित्र स्थिर राहतं का ते बघा. डिजिटल असेल तर सिंगल लावून आर्डुइनोची वायर हाताने टेकवा. पहिला स्पर्श पकडला गेला पाहिजे.

हे सगळं झाल्यावर स्कोप अर्धा तास तसाच चालू ठेवायला सांगा. आपल्याकडे मेमध्ये पारा सहज चाळिशी ओलांडतो आणि बऱ्याच स्कोपच्या मॅन्युअलमध्ये चालवायची मर्यादा ४० किंवा ५० अंशांची असते. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत उत्तम चाललेला स्कोप उन्हाळ्यात रेषा सरकवायला लागू शकतो. ही परीक्षा भर दुपारी घ्यावी.

घरी आणल्यावर पहिल्यांदा अर्थिंग तपासा. यात चालढकल नको. प्रोबची काळी क्लिप, बीएनसीचा (प्रोब जोडायच्या सॉकेटचा) बाहेरचा धातू आणि थ्री-पिनची अर्थची पिन, हे तिन्ही आतून एकच असतात. एसएमपीएसच्या प्रायमरी बाजूला ब्रिज रेक्टिफायरनंतर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतं आणि त्याचा निगेटिव्ह म्हणजे अर्थ नव्हे. तिथे क्लिप लावली की ब्रिज थेट अर्थवर शॉर्ट होतो. धडाका होतो, फ्यूज जातो, कधी स्कोपही जातो. यावर काही जण स्कोपच्या प्लगची अर्थची पिनच कापतात. मग क्लिप जिथे लावली, तिथलं व्होल्टेज स्कोपच्या अख्ख्या पत्र्यावर आणि नॉबवर येतं, आणि नॉब तुमच्या हातात असतो. असं कधीही करायचं नाही, आणि पिन कापलेला स्कोप विकत घेतला तर आधी केबल बदलायची. प्रायमरी बघायचीच असेल, तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावायचा तो दुरुस्तीच्या वस्तूला, स्कोपला नाही. क्लिप लावल्यावर वस्तूचा तो बिंदू अर्थला जोडला जातो आणि बाकीचे बिंदू तेवढेच जीवघेणे राहतात, म्हणून हात एकच आत, दुसरा पाठीमागे. मागाच्या व्हीएफडीचं (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचं) आउटपुट बघायचं तर डिफरेन्शियल प्रोबच हवा, जो अर्थला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजतो. तो नसेल तर ते काम घेऊ नका. जुन्या वाड्यात टू-पिनचंच वायरिंग असेल, तर इलेक्ट्रिशियन बोलावून एक सॉकेट अर्थिंगसह करून घ्या. अर्थ नसलेल्या डिजिटल स्कोपच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, त्या यामुळेच.

राहिला प्रोब. सेकंडहँड स्कोपसोबत येणारे प्रोब बहुतेक मेलेले असतात. टोक वाकलेलं, क्लिप तुटलेली, वायर आतून अर्धवट. एक-दहा असा स्विच असेल, तर तो कायम दहावर ठेवा. एकवर ठेवला, की बँडविड्थ सहा-सात मेगाहर्ट्झवर येते आणि १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपचे पैसे पाण्यात. दहावर ठेवल्यावर स्कोपच्या मेनूतही दहाच निवडा, नाहीतर ५ व्होल्टचे अर्धा व्होल्ट दिसतील. मग प्रोब स्कोपच्या पुढच्या कॅलिब्रेशनच्या खुंटीला लावा. तिथे साधारण १ किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह असते. प्रोबवरचा बारीक स्क्रू प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने फिरवत राहा. कोपरा वर उचलला असेल तर जास्त झालं, खाली बसला असेल तर कमी, माथा सपाट झाला की थांबा. प्रोब दुसऱ्या चॅनेलला लावला की हे पुन्हा करायचं. कोपरा काही केल्या सपाट होत नसेल, तर तो प्रोब फेका. चांगल्या नव्या प्रोबच्या जोडीची किंमत काढून ठेवा आणि घासाघीस करताना ती विकणाऱ्याच्या आकड्यातून आधीच वजा करा.